मदत हवी आहे: ५२ मार्क पडूनही ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट आलं नाही

मेकॅनिकल_टीई
नमस्कार. ऑनलाइन कोर्स केला, परीक्षा दिली, एकूण ५२ पडले. पासिंग ४० ला आहे. तरी सर्टिफिकेट नाही. सोमवारी कॉलेजात जमा करायचंय, नाहीतर पदवीसाठी मोजले जाणारे २ क्रेडिट जातील. तक्रार कुठे करायची? प्लीज लवकर सांगा.

खडूफळा
कुठला कोर्स? किती आठवड्यांचा? ५२ कशाकशाचे मिळून?

सांगलीकर
कोर्सेरावर कर. फी परवडत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. मी तसे ३ केले, मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले.

खडूफळा
सांगलीकर, त्याचा कोर्स करून झालाय. त्याला क्रेडिट हवेत.

मेकॅनिकल_टीई
सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा, आयआयटीवाल्यांच्या एनपीटेलचा. ८ आठवडे. १००० रुपये भरून सेंटरवर जाऊन परीक्षा दिली. तक्रारीचा ईमेल कोणाकडे आहे का?

जुना_वाटसरू
एनपीटेल २००३ पासून आहे. आमच्या वेळी कॉलेजात धड नेट नव्हतं. लायब्ररीत हार्ड डिस्कवर व्हिडिओ यायचे, एका पीसीसमोर तिघं तिघं बसून फ्लुइड मेकॅनिक्स पाहायचो. फळ्यावर सर लिहीत, आम्ही व्हिडिओ थांबवून वहीत उतरवत. तेव्हा ना सर्टिफिकेट, ना क्रेडिट.

अनघा_के
एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट बँकेतलं खातं, काढलंस का? क्रेडिट त्यातच जमा होतात. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव सारखं आहे ना, बघून घे.

खडूफळा
अरे, असाइनमेंटचे किती, परीक्षेचे किती?

मेकॅनिकल_टीई
असाइनमेंट २५ पैकी २४, परीक्षा ७५ पैकी २८.

खडूफळा
तिथेच अडलं. अटी दोन आहेत, दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात: असाइनमेंटला २५ पैकी किमान १०, परीक्षेला ७५ पैकी किमान ३०. तुला परीक्षेत २ कमी पडले. बेरीज कितीही झाली तरी सर्टिफिकेट येत नाही. कोर्सच्या पानावर हे लिहिलेलं असतं. तक्रार करून काही निघणार नाही.
आता खरं सांग, असाइनमेंटला २४ आणि परीक्षेला २८ कसे?

मेकॅनिकल_टीई
सीनियर म्हणाले होते ४० झाले की झालं.
सर, टेलिग्रामवर उत्तरं यायची. बुधवारी रात्री ११ नंतर बसून भरायचो. पहिले ३ आठवडे व्हिडिओ पाहिले, मग सबमिशन सुरू झाली. परीक्षेत मॅट्रिक्सचा एक प्रश्न असाइनमेंटमधलाच होता, फक्त आकडे बदललेले. मला सुरुवातसुद्धा करता येईना. घरी अजून सांगितलं नाही. फीचे पैसे आईने भिशीतून दिले होते.

सांगलीकर
हेच म्हणत होतो. क्रेडिटसाठी सक्ती केली की पोरं कॉपी करणारच. बंद करा हे कोर्स.

अनघा_के
बंद कशाला? आमच्या तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं स्टॅटिस्टिक्सला शिक्षकच नव्हता. गच्चीवर रेंज यायची, तिथे बसून मी तो विषय आयआयटीच्या मॅडमकडून शिकले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात. शहरातल्यांना ही सोय वाटत असेल, आम्हाला तो एकच शिक्षक होता.

सांगलीकर
तुम्ही मनापासून शिकलात. वर्गातल्या साठ जणांना यादीतून कोर्स वाटून दिले तर किती जण तसं शिकतील?

खडूफळा
तुमचा वाद वेगळा धागा काढून घाला, मलाही बोलायचंय. मी कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे कोर्स घेतलेल्यांची आठवड्यातून एक तास बैठक होते, असाइनमेंट फळ्यावर सोडवतो. तेवढ्याने टेलिग्रामची गरज बरीच कमी झाली.
मुला, सोमवारी रिकाम्या हाताने जाऊ नकोस. निकालाची प्रिंट ने. समन्वयकांना दोनच गोष्टी विचार: या २ क्रेडिटसाठी पुढच्या सत्रात दुसरा कोर्स चालेल का, आणि मार्कलिस्टवर तोवर काय लागेल. स्वयमची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. आणि आज आईला सांग.

मेकॅनिकल_टीई
सांगतो सर. अर्ज मराठीत चालेल का?

खडूफळा
चालेल. दोन प्रती ने, एकीवर पोच घे.