मोडलेल्या कोपरातल्या तारा काढल्यावर लहान मुलांना फिजिओ: गरज की नुसती भीती?

वैतागलेली_आई: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. म्हणे, "कोपरातल्या तारा काढल्या की दुसऱ्या दिवशी फिजिओ लावा, नाहीतर पोराचा हात जन्मभर आखडेल." कशाला घाबरवता हो? सुप्राकॉन्डायलर, म्हणजे कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलेलं, ते धरून ठेवायला तारा, वर तीन-चार आठवडे स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर. एवढं झाल्यावर कोपर ताठ असणारच. माझ्या लेकीचाही होता. सर्जन म्हणाले, खेळू दे, कुणी ओढू नका. स्वतःची वेणी स्वतःच घालायच्या हट्टापायी हात वर जायला लागला. २०१४ साली सिॲटलच्या डॉक्टरांनी ६१ मुलांवर चाचणी केली, काहींना फिजिओ, काहींना नाही. फिजिओचा फायदा दिसला नाही.

फिजिओ_नाशिककर: एक पेपर वाचला की झाले सगळे हाडांचे डॉक्टर! त्यात प्लास्टरवाली आणि कोपर न उघडता बाहेरूनच तारा घातलेली मुलं होती. हाड उघडून बसवावं लागलेल्यांचा २००५ चा जर्मन अभ्यास बघा. १२ आणि १८ आठवड्यांना फिजिओवाली मुलं पुढे होती.

वैतागलेली_आई: आणि वर्षाने? दोन्ही गट सारखेच. तेवढं वाक्य बरं गाळलंत.

मिरजेचा_बाप: फिजिओच्या पॅकेजचं बोला आधी. आमच्याकडे पोराला न तपासता काउंटरवर आगाऊ पैसे मागितले.

आजीचा_नातू: फिजिओ नको नि पॅकेजही नको. आमच्या आजीने कोमट तेलाने चोळून, हातात पाण्याची बादली धरायला लावून माझा हात सरळ केला.

फिजिओ_नाशिककर: हेच! हेच निस्तरत बसतो आम्ही. ताज्या कोपराला चोळणं, जोर लावून ताणणं म्हणजे स्नायूत हाड धरायला आमंत्रण. मायोसायटिस म्हणतात त्याला. बादलीने पोर दुखऱ्या हाताला आणखीच आवळून धरतं.

आजीचा_नातू: माझा हात ठणठणीत आहे. आजीला मध्ये आणायचं काम नाही.

मिरजेचा_बाप: आजीला तूच आणलंस, भावा.

कोल्हापूरची_मावशी: आमच्या गावात हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या. पोर रात्रभर रडलं, बोटं काळीनिळी. आज त्याची बोटं वळलेलीच आहेत, पेन धरता येत नाही. परंपरेचं कौतुक मला सांगू नका.

आजीचा_नातू: तो हाडवैद्य, ही आजी. फरक कळतो का? बरं, बादली चुकीची, झालं समाधान? तेल राहू द्या.

फिजिओ_नाशिककर: दुसऱ्या हाताला लावा.

वैतागलेली_आई: म्हणजे ओढू नका, चोळू नका, हे तुम्हीही म्हणताय. मग भांडतोय कशावर?

फिजिओ_नाशिककर: "कुणालाच गरज नाही" यावर. साध्या केसला घरीच कपडे घालायला, जेवायला, चेंडू टाकायला लावा, फी वाचवा. पण मनगट वर उचलत नसेल, बोटं बधिर असतील किंवा हालचाल होती तिथेच अडकली असेल, तर सर्जनला दाखवून या. तेव्हा सिॲटलला फोन लावू नका.