काउंटी कौन्सिल 'दिवाळखोर' झाली, हे मराठीत बरोबर आहे का?

केतकी:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इथल्या, इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिलवर लिहितेय, 2018 मध्ये जे झालं त्याबद्दल. दोन शब्दांवर अडलेय. काउंटी कौन्सिलला सरळ जिल्हा परिषद म्हणू का? आणि दुसरं म्हणजे तेव्हा इकडे जो तो बँकरप्ट बँकरप्ट म्हणत होता पण कायद्यात तसं काही नाहीये, तिथे नुसती 'सेक्शन 114 नोटीस' आहे. आईला फोनवर 'काउंटीचं दिवाळं निघालं' असं सांगितलं तर ती म्हणाली अगं मग शाळा बंद पडल्या का, लोकांचे पगार गेले का. तसं काही झालंच नव्हतं, पगार चालू होते, आधीच्या करारांचे पैसेही जात होते.

नाथसागर:
जिल्हा परिषद खुशाल लिहा, कामं बरीचशी तीच, शाळा रस्ते वगैरे. फक्त पैशाची गोष्ट वेगळी सांगा. मी झेडपीत अकाउंट्सला 22 वर्षं काढली, आपल्याकडे बहुतेक पैसा वरून येतो, अनुदान, योजनांचा निधी, आणि स्वतःचा म्हणायचा तो सेस फंड, तो थोडाच. म्हणून आपल्याकडे 'निधी आला नाही' म्हणतात, 'झेडपी बुडाली' असं कोणी म्हणत नाही. आणि बजेटला अंदाजपत्रक लिहा, अर्थसंकल्प म्हटलं की विधानसभा डोळ्यासमोर येते.

मुक्काम लेस्टर:
केतकी, दिवाळखोर अजिबात नको. सेक्शन 114 म्हणजे 1988 च्या स्थानिक वित्त कायद्यातलं कलम. वर्षाचा खर्च उत्पन्नात बसत नाही असं दिसलं की मुख्य वित्त अधिकाऱ्याने (काका, तुमच्या भाषेत कॅफोने) तशी लेखी नोटीस काढायचीच, मग 21 दिवसांत सभासदांची बैठक, आणि तोवर नवा खर्च बंद. कायद्याने कराव्याच लागणाऱ्या सेवा चालू राहतात. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायला कौन्सिलला परवानगी नाही, म्हणून गंगाजळी संपली की हा एकच रस्ता उरतो. अमेरिकेत मात्र काउंटी खरंच दिवाळखोरीत जाऊ शकते, कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी 1994 मध्ये गेली होती, गुंतवणुकीत पैसा बुडाला आणि कोर्टात अर्ज केला. तिथे आपला शब्द चपखल बसतो. इथे माझ्या मते 'खर्चबंदी'.

नाथसागर:
खर्चबंदी चांगला आहे. आमच्याकडे वित्त विभागाचे 'काटकसरीचे उपाय' यायचे पण तो शब्द इथे फार मवाळ पडेल, काटकसर माणूस मनानं करतो, ही तर कायद्याने घातलेली बंदी.

केतकी:
खर्चबंदी घेतेच मग! फेब्रुवारी 2018 ला पहिली आणि त्याच जुलैत दुसरी. वाईट याचं वाटतं की आदल्याच वर्षी 5.3 कोटी पौंडांचं नवं मुख्यालय उभं राहिलं होतं, ते विकून तिथेच भाड्याने राहायची वेळ आली. अजून एक, 36 पैकी 21 लायब्रऱ्या बंद करायचं ठरलं होतं, तर लायब्ररीला 'ऐच्छिक काम' म्हणू ना?

रानजाई:
नको नको, इथेच चूक होते. इंग्लंडात 1964 च्या कायद्याने लायब्ररी चालवणं कौन्सिलला बंधनकारकच आहे, फक्त किती हव्यात ते लिहिलेलं नाही त्यामुळे कात्री आधी तिथे लागते. त्या 21 लायब्रऱ्यांचा निर्णय ऑगस्ट 2018 मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवला, हे लेखात घालाच. मी स्वतः वाचनालयात काम करते, ऐच्छिक हा शब्द एकदा कागदावर आला की पुढच्या वर्षी रक्कम शून्य होते, म्हणून जीव तुटतो. 'बंधनकारक, पण प्रमाण न ठरलेलं' असं लांबलचक झालं तरी चालेल पण तेच लिही.

केतकी:
लिहिते ताई, नक्की. सोशल केअरला काय म्हणू? सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो, म्हातारी माणसं, अपंग, घर सुटलेली मुलं, आणि ती संख्या वाढली म्हणून कौन्सिल नाही म्हणू शकत नाही, काउन्सिल टॅक्स (घरांवरचा स्थानिक कर) मात्र ठरलेल्या टक्क्यांच्या वर न्यायचा तर आधी लोकांचं मत घ्यावं लागतं. 'देखभाल' लिहिलं होतं.

रानजाई:
देखभाल लिफ्टची. शुश्रूषा आजाऱ्याची. माणसाचा 'सांभाळ'. 'वृद्धांचा आणि मुलांचा सांभाळ' लिही, आईलाही कळेल.

केतकी:
सांभाळ!! हा सुचलाच नव्हता. आता शेवटचं. 1 एप्रिल 2021 ला ती काउंटी कौन्सिलच गेली, त्या जागी वेस्ट आणि नॉर्थ अशा दोन नव्या कौन्सिल आल्या. 'बरखास्त झाली' चालेल?

नाथसागर:
बरखास्त म्हटलं की आमच्या कानाला प्रशासक बसला आणि पुढे निवडणूक, असं ऐकू येतं. विभाजन म्हणा, 2014 ला ठाण्यातून पालघर झाला तसं.

केतकी:
पण काका, पालघर झाला तरी ठाणे जिल्हा परिषद राहिली. इथे जुनी उरलीच नाही.

नाथसागर:
हो, मग 'संपुष्टात आली' लिहा.