जुन्या स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन: खर्च आधी कशावर करावा?

प्रश्न
माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. गाडी केवळ रस्त्यावर चालते; ट्रॅकवर नेण्याचा विचार नाही. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर बहुधा मूळचेच असावेत. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते आणि वेगात वळताना मागची बाजू क्षणभर उशिरा वळते. उंची बदलता येणारा कॉइलओव्हर संच (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र जोडलेले) घ्यावा की जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा), हे ठरत नाही. आराम फारसा गमवायचा नाही.

उत्तर १
आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे झिजेची आहेत, रचनेतील उणिवेची नव्हेत. या गाडीच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन हात, आहेत. डोलणे म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर थकले, आणि मागच्या बाजूचा उशीर बहुधा सांध्यांतल्या, कडक होऊन चिरलेल्या रबरी बुशमुळे असतो. त्यामुळे आधी बुश आणि बॉल जॉइंट, मग चांगले शॉक ॲब्सॉर्बर व त्यांना जुळणाऱ्या किंचित कडक स्प्रिंग, आणि शेवटी अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी), असा क्रम ठेवावा. स्वस्त कॉइलओव्हर लावून गाडी खाली बसवली, तर चाकाला वर जाण्यास जागा उरत नाही आणि प्रत्येक धक्क्याला ती बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाला आणखी वर जाऊ न देणाऱ्या ठोकळ्यावर, आदळते. ऐन वळणात असे झाले, तर त्या चाकाची पकड एकाएकी सुटू शकते.

उत्तर २
जाड बारविषयी एक हिशेब ध्यानात असू द्यावा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणजे २२ मिलिमीटरऐवजी २४ मिलिमीटरचा बार सुमारे ४० टक्के अधिक कडक असतो. तो फक्त पुढे बसवला, तर गाडी कमी झुकेल खरी, पण वळणात पुढची चाके लवकर बाहेर सरकू लागतील. शॉक ॲब्सॉर्बर बदलून महिनाभर गाडी चालवावी; मग बार हवासा वाटेलच असे नाही.

उत्तर ३
बुश पॉलियुरेथेनचे घेण्याचा मोह होईल. ते टिकतात, पण योग्य ग्रीस नसेल तर कुरकुरतात, आणि रबराइतकी कंपने शोषत नाहीत. रस्त्यासाठी मी रबरच निवडले. मात्र रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. अलाइनमेंटचे विकेंद्री बोल्ट (जे फिरवून चाकाचा कोन बदलतात) गंजून बुशच्या नळीत जखडलेले असू शकतात, म्हणून नवे बोल्ट हाताशी ठेवूनच काम काढावे. माझे दोन कापावे लागले होते. आणि टायर किती जुने आहेत? त्यांच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष सांगतात.

प्रश्नकर्ता
आत्ताच पाहिले. खाचा भरपूर खोल आहेत, म्हणून इतके दिवस शंकाच आली नाही. अंक मात्र ०९१२, म्हणजे टायर २०१२ सालचे आहेत. कॉइलओव्हरचा विचार बाजूला ठेवून आधी टायर बदलतो, आणि बुशसोबत विकेंद्री बोल्टही मागवतो.