नागपूर भूकंपाच्या झोन २ मध्ये आहे म्हणून पार्किंगचे कॉलम बघायचेच नाहीत का?

मनीषनगरवाला:
१९९७ ची २२ मे. आम्ही सगळे नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या गच्चीवर झोपलो होतो, पहाटे चार-सव्वाचारला बाज हलली, मला वाटलं भावानेच लाथ मारली. सकाळी रेडिओवर कळलं की जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, माणसं गेली. नर्मदेच्या खोऱ्यातला तो फॉल्ट, म्हणजे जमिनीखालची भेग, आपल्यापासून काही फार लांब नाही. आता माझा फ्लॅट पाच माळ्यांच्या बिल्डिंगमध्ये आहे, खाली नुसते कॉलम, पूर्ण पार्किंग, एकही भिंत नाही. २००१ ला भूज हललं तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवाल्या बिल्डिंगी बसल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, यंदा रंगकाम थांबवू, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावू, तर कोणी ऐकूनच घेईना. तुम्हाला काय वाटतं?

अंबाझरी लेआउट:
काहून घाबरवता भाऊ लोकायले? भूज ७.७ चा होता, जबलपूर ५.८, ताकदीत शेकडो पटींचा फरक आहे, दोन्ही एका तराजूत कसे टाकता? नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणजे देशात सगळ्यात कमी धोक्याचा पट्टा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, फ्रिज तरंगत होता, आईला खुर्चीवर बसवून वरच्या माळ्यावर नेली. पैसा खर्च करायचाच तर नाल्यांवर करा, तो धोका दरवर्षी दारात येतो.

किल्लारीची लेक:
दादा, झोनचा भरवसा देऊ नका. १९९३ ला आमचा भाग तेव्हाच्या झोन १ मध्ये होता, सगळ्यात सुरक्षित म्हणायचे. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर पडली, जवळपास दहा हजार गेले. पुढे नकाशातून तो झोन १ च काढून टाकला. मी तेव्हा सात वर्षांची होते. अजून रात्री ट्रक गेला आणि खिडकी थरथरली तरी उठून बसते.

साईटवाला:
वीस वर्षं सेंट्रिंग आणि सळईच्या कामावर सुपरवायझर आहे, म्हणून सांगतो, फॉल्टवर भांडू नका, कॉलममधल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा. रिंगेचं टोक आत १३५ अंशात वाकवायला पाहिजे, म्हणजे हलताना ती उघडत नाही. साईटवर घाईत ९० वर वाकवून मोकळे होतात, आणि जिथं रिंगा जवळजवळ पाहिजेत, कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला, तिथंच लांब लांब टाकतात. प्लास्टर झालं की बाहेरून काहीच दिसत नाही. पार्किंगच्या माळ्यावर भिंती नसतात, त्यामुळे हलण्याचा सगळा ताण त्याच कॉलमवर येतो. जुन्या बिल्डिंगला कॉलमभोवती सळई-काँक्रीटचा नवा थर, म्हणजे जाकीट, करता येतं, काही ठिकाणी गाड्यांची वाट सोडून भिंती उचलता येतात, पण आधी तपासणी करून घ्या.

अंबाझरी लेआउट:
ताईंचं वाचून गलबलून आलं. पण किल्लारीत दगडमातीची घरं होती, इथं आरसीसी आहे.

मनीषनगरवाला:
आरसीसी आहे हो, पण पाणी तुमच्याकडेच भरतं असं नाही. आमच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात दोन-दोन दिवस साचतं. लिफ्टजवळच्या कॉलमचं प्लास्टर खालून फुगलंय, काल किल्लीने टोकरलं तर हातभर पट्टा सुटून आला, आत सळई लाल झालेली, पापुद्रे निघतात. तुमचा पूर आणि माझा भूकंप एकाच कॉलमवर येऊन बसलेत.

अंबाझरी लेआउट:
मग त्या कॉलमसाठी मीटिंग बोलवा, रंगकामाच्या आधी तोच करा, त्याला माझा विरोध नाही. झोनचं माझं मत मात्र तेच आहे.