बुशच्या भाषणाची टिंगल सोपी आहे हो, पण...

सरळमार्गी (धागालेखक)

काल तिरकस यांनी 'स्वातंत्र्य घरपोच' नावाचं विडंबन टाकलं आणि खाली हसणाऱ्यांची रांग लागली. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश टेम्पोला भोंगा लावून गल्लोगल्ली फिरतायत, 'जुनी हुकूमशाही द्या, नवं स्वातंत्र्य घ्या' म्हणून ओरडतायत, आणि ज्याच्या परसात तेलाची विहीर नाही त्याला 'आज माल संपला, उद्या या' सांगून पुढे जातायत.

भंगारवाला चांगला जमलाय, नाही म्हणत नाही. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी २० जानेवारी २००५ चं ते दुसऱ्या शपथविधीचं भाषण मुळातून वाचलंय? एकवीस-बावीस मिनिटांचा मामला आहे, एका चहात होतं. जगातली जुलूमशाही संपवणं हे आमचं अंतिम ध्येय, हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण हे काम मुख्यतः शस्त्रांचं नव्हे, आणि ते पिढ्यान् पिढ्या चालेल, हेही त्याच भाषणात आहे. ते कुणी सांगत नाही, कारण मग टेम्पो चालत नाही.

दुसरं. अमेरिका तेलासाठी नि स्थैर्यासाठी हुकूमशहांना पोसते, हे आपले डावे किती वर्षं ओरडत होते? तेच नोव्हेंबर २००३ मध्ये बुश स्वतः म्हणाला, की साठ वर्षं आम्ही मध्यपूर्वेतल्या दडपशाहीकडे कानाडोळा केला आणि त्याने आम्ही सुरक्षित झालो नाही. जून २००५ मध्ये त्याची परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस कैरोत जाऊन, म्हणजे इजिप्तचा हुकूमशहा मुबारकच्या अंगणात उभी राहून, तेच बोलली. अमेरिकेने हे कबूल करायला हवं म्हणणारे तुम्हीच, आणि केलं की फिदीफिदी हसणारेही तुम्हीच.

माणसाची टिंगल करा, इराकच्या युद्धाची करा. 'लोकांनी मोकळं असावं' या म्हणण्याचीच टिंगल केली की सगळ्यात जास्त टाळ्या कोण वाजवतो, याचा विचार करा.

तिरकस

वा! माझ्या चार परिच्छेदांवर इतका मोठा निबंध. धन्य झालो.

साहेब, भाषण वाचलंय. 'स्वातंत्र्य' आणि त्याची भावंडं मोजून चाळीसच्या वर वेळा येतात. इराक हा शब्द किती वेळा येतो? शून्य. दीड लाख सैनिक तिथे बसलेत, दहा दिवसांवर तिथली निवडणूक आलीय, अबू घरेब तुरुंगातल्या छळाचे फोटो निघून वर्षही झालेलं नाही, आणि एकवीस मिनिटांत त्या देशाचं नाव नाही! विडंबनकाराला याहून आयतं काय हवं?

आता यादीकडे या. शपथविधीच्या दोनच दिवस आधी राइसबाईंनी सिनेटपुढे जुलूमशाहीच्या सहा चौक्या सांगितल्या: क्युबा, म्यानमार, उत्तर कोरिया, इराण, बेलारूस, झिम्बाब्वे. यात सौदी कुठाय? इजिप्त कुठाय? उझबेकिस्तान? ('तेल नाही त्याला माल नाही' हे मी टेम्पोत उलटं लिहिलं खरं. ज्याच्याकडे तेल आणि मैत्री दोन्ही आहे, त्याच्या दारावरून टेम्पो भोंगा बंद करून जातो.) एप्रिल २००५ मध्ये क्रॉफर्डच्या शेतावर बुशसाहेब सौदी युवराज अब्दुल्लांचा हात हातात धरून फुलांमधून चालले, तो फोटो शोधून बघा. सासरी जाणाऱ्या मुलीलाही इतकं जपून कुणी नेत नाही.

आणि आपल्या शेजारचे जनरलसाहेब? २५ मार्च २००५ ला मुशर्रफना एफ-१६ लढाऊ विमानं द्यायची घोषणा झाली. भाषणानंतर दोन महिने.

रांगेतला_राम

जगाला स्वातंत्र्य वाटणाऱ्यांनी इकडे अमेरिकेत बघावं. वर्षानुवर्षं इथे कर भरतोय, नोकरी बदलायची तर आधी वकिलाला फोन. पोरगी एकवीसची झाली की ती माझ्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून बाहेर पडते आणि तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो. देशानुसार सात टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारतात जन्मलो हाच गुन्हा. 'लँड ऑफ द फ्री' म्हणे. फ्री आहे, वकिलाची फी सोडून.

तिरकस

रामभाऊ, तुमचं दुःख खरं, पण हा धागा तुमच्या ग्रीन कार्डाचा नाही. दर धाग्यावर हेच.

रांगेतला_राम

तुम्ही पुण्यात बसून उझबेकिस्तानवर बोला, आम्ही इथे राहून इथल्यावर बोलायचं नाही. छान.

सरळमार्गी

@तिरकस, बरं झालं उझबेकिस्तान काढलंत. १३ मे २००५ ला तिथल्या अंदिजानमध्ये राष्ट्राध्यक्ष करिमोवच्या सैन्याने जमावावर गोळ्या घातल्या, शेकडो माणसं मेली. अफगाण युद्धासाठीचा अमेरिकेचा तळ त्याच देशात होता. तरी अमेरिकेने स्वतंत्र चौकशी मागितली. करिमोवने जुलैत तळ सोडायची नोटीस दिली आणि नोव्हेंबरपर्यंत चंबूगबाळं आवरून ते बाहेर. म्हणजे किंमत मोजली की नाही?

तिरकस

मोजली. घरमालकाने सामान रस्त्यावर टाकल्यावर 'आम्ही तत्त्वासाठी घर सोडलं' म्हणायचं असेल तर मोजली. घ्या, हा एक गुण तुम्हाला. अर्धा.

कुवेतवाली_काकू

पुस्तकी वाद चाललाय म्हणून सांगते. ऑगस्ट १९९० मध्ये आम्ही कुवेतमध्ये होतो. यांची नोकरी एका बांधकाम कंपनीत. सद्दामचं सैन्य आलं तेव्हा कंपनीचे साहेब सुट्टीवर गेलेले, आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात. यांनी आणि दोन मलबारी मुलांनी कपाट फोडलं. त्या गठ्ठ्यात कुणाचे कुणाचे, घरी परत गेलेल्या माणसांचेसुद्धा पासपोर्ट निघाले. मग बसने बसरा, बगदाद, तिथून अम्मान. तंबूत राहिलो, एअर इंडियाच्या विमानाची वाट बघत. मुलाला गोवर निघाला होता.

पुढे थोरल्या बुशनी कुवेत 'मुक्त' केलं. अमीर परत आले. संसद त्यांनी आक्रमणाच्या आधीच, १९८६ मध्ये, गुंडाळून ठेवलेली होती, ती १९९२ च्या निवडणुकीपर्यंत काही आली नाही. हे पुन्हा गेले नोकरीला. पासपोर्ट पुन्हा कपाटात. आता तुम्हीच सांगा, मुक्त कोण झालं?

सरळमार्गी

काकू, तुम्ही सोसलंत त्यापुढे वाद घालत नाही. फक्त एक नोंद: कुवेतच्या बायकांना मताचा हक्क मे २००५ मध्ये मिळाला. भाषणानंतर चार महिन्यांनी.

कुवेतवाली_काकू

भाषणामुळे? त्या बायका कित्येक वर्षं भांडत होत्या हो. आमच्या इमारतीत खाली राहणारी शाळेतली बाई मला तेव्हाच सांगायची. तिच्या भांडणाचं श्रेयही वॉशिंग्टनलाच का?

सरळमार्गी

ठीक. मग मूळ प्रश्नावर येतो, कारण सगळे तो टाळतायत. बाहेरच्या सैन्याने येऊन हुकूमशहाला हाकलणं, ही कल्पनाच जर हास्यास्पद असेल, तर १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात मांडवीकाठी काय झालं? तिथे पोर्तुगालच्या सालाझारची हुकूमशाही होती, आपलं सैन्य गेलं, छत्तीस-चाळीस तासांत काम झालं. त्याला आपण मुक्तिदिन म्हणतो. तिथे टेम्पो दिसत नाही का कुणाला?

म्हापशेकर

सकाळपासून गप्प वाचत होतो. आता राहवत नाही.

गोवा आणि इराक एका तागडीत घालायची हिंमत कशी होते? १८ जून १९४६ ला लोहियांची मडगावची सभा. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रही गोळ्यांना छाती देऊन पडले. मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा सुटल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले, १९६९ मध्ये सुटले. तोपर्यंत आमच्याकडे दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या! भारत सरकार चौदा वर्षं बोलणी करत बसलं, आम्हालाच वाटायचं की दिल्लीला आमची पर्वा नाही. हे कुणी शपथविधीच्या भाषणात ठरवून केलेलं काम नव्हतं.

आणि तुमची ती स्वातंत्र्यवादी अमेरिका तेव्हा कुठे होती? डिसेंबर १९५५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर संयुक्त पत्रक काढलं, त्यात गोव्याला पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणायची बोली मान्य केली. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन भारतावर असे तुटून पडले, जणू संयुक्त राष्ट्रसंघ त्या रात्रीच बुडणार. भारताने सैन्य मागे घ्यावं या ठरावाच्या बाजूने सात मतं, विरोधात चार; रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून सुटलो. सालाझार नाटोत होता, अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता, की झालं! पाववाल्यालासुद्धा माहीत होतं आमच्या.

सरळमार्गी

स्टीव्हन्सनचं मान्य. लाजिरवाणं होतं. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. अमेरिका तळासाठी हुकूमशहाच्या मागे उभी राहिली हेच वाईट झालं, आणि बुश तेच वाईट म्हणत होता. बाकी, गोव्याच्या कारवाईचं वेळापत्रक संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या उत्तर मुंबईच्या निवडणुकीला कसं सोयीचं होतं, हेही लोक तेव्हा बोलत होतेच. निवडणुकीकडे डोळा ठेवणारे फक्त टेक्सासमध्ये जन्मत नाहीत.

म्हापशेकर

सोयीचं असेल. म्हणून आम्ही पोर्तुगीजच राहायचं होतं? घरात बसून बोलणं सोपं आहे तुम्हाला.

करवीरकर

गोवा निघालाच आहे तर विचारतो. मुक्त झाल्यावर गोवा महाराष्ट्रात का आला नाही? शाळेत मराठी, देवळात मराठी, भजन मराठी, नाटक मराठी. १९६७ चा कौल फक्त ३४,०२१ मतांनी फिरला. मुंबईच्या पुढाऱ्यांनी 'गोवा आमचाच' अशी गुर्मी दाखवली नसती तर विलीनीकरणाचं फूल जिंकलं असतं.

म्हापशेकर

'फक्त'! १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. पावणेचार लाखांच्या वर मतदार असलेल्या मुलखात हा फरक 'फक्त' वाटतो तुम्हाला? आणि गुर्मी दाखवली नसती म्हणता, ती तुमच्या या प्रतिसादातही आहे. आम्ही वेगळं राहण्याच्या दोन पानांवर शिक्का मारला, विषय संपला. देवळात मराठी चालते म्हणून जिल्हा होऊ का कुणाचा?

करवीरकर

गोव्याला कौल विचारला, मग बेळगावला का नाही विचारला? निपाणी, खानापूर, कारवार? गोव्याला लोकशाही आणि आमच्या सीमाभागाला केंद्राने नेमलेला महाजन आयोग. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात पडलाय. हुकूमशहांच्या यादीत कोण नाही विचारताय, कौलाच्या यादीत कोण नाही तेही विचारा की.

पेडणेकरीण

दोघेही जरा थांबा. आमच्या पेडण्याच्या घरात आजीचं मत फुलाला आणि आजोबांचं दोन पानांना. आजोबा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, विलीनीकरणवाले भाऊसाहेब बांदोडकर यांना देव मानायचे. त्यांनी शाळा काढल्या, कुळांना कायद्याचं संरक्षण दिलं, म्हणून गावातले बहुतेक भाऊंच्या मागे फुलाला. आजोबांनी मात्र भाऊंना सोडून पानं धरली, कारण त्यांना मुंबईत गिरणीत असताना कुणीतरी 'ए गोवेकर, बाटली आहे का' म्हणून हाक मारली होती. तेवढ्यासाठी! आजी म्हणायची, या माणसाने राज्याचं भवितव्य एका बाटलीवर ठरवलं. कौलानंतर दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि भाऊ परत निवडून आले. विलीनीकरण हरलं, विलीनीकरणवाला जिंकला. तेव्हा दोघांनी मत एकालाच दिलं.

@सरळमार्गी, फरक हा आहे बघा. इथे सैन्य आलं, पुढे कौल झाला, आणि सैन्य पाठवणाऱ्यांच्या राज्यकर्त्या पक्षाला लोकांनी पहिल्याच निवडणुकीत घरी बसवलं. १९६३ मध्ये काँग्रेसचं काय झालं गोव्यात ते आठवा. दिल्लीने ते निमूट मान्य केलं. तुमच्या बुशला जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये हमास निवडून आल्यावर ते का जमलं नाही?

सरळमार्गी

हमासची तुलना भाऊंच्या मगोपशी, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाशी? धन्य आहात. पण प्रश्न चांगला आहे, उगाच नाकारत नाही.

तिरकस

'उगाच नाकारत नाही' म्हणजे सरळमार्गींच्या भाषेत साष्टांग नमस्कार. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आणि 'माणसाची टिंगल करा' म्हणालात ना, त्याची गरज आता उरली नाही. १८ मे २०२२ ला डॅलसमध्ये बुशसाहेब पुतिनवर तुटून पडले होते. एका माणसाने ठरवून इराकवर केलेलं पूर्णपणे असमर्थनीय आणि क्रूर आक्रमण, असं म्हणून गेले. मग सावरले, 'युक्रेनवर' म्हणाले. मग हळूच, इराकसुद्धा. मग वय पंच्याहत्तर असल्याचं सांगितलं आणि सभागृह हसलं. याच्यापुढे माझा टेम्पो काय करणार?

कुवेतवाली_काकू

सभागृह हसलं तेच मला आवडलं नाही.

सरळमार्गी

मलाही नाही, काकू. तिरकस, तो प्रसंग मी विसरलो नव्हतो. पण माणूस घसरला म्हणून भाषण खोटं होत नाही.

म्हापशेकर

भाषणं खरीच असतात हो. १९१८ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष विल्सननेही स्वयंनिर्णयाची खरीच दिली होती. लोकमान्य तेव्हा लंडनमध्ये होते, त्यांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सनला पत्र घातलं. त्याच्या चिटणिसाचं उत्तर आलं की हिंदुस्थानचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी हाताळतील. तिरकस, पुढचं विडंबन यावर लिहा, मी वाचायला तयार आहे.

तिरकस

लिहितो. शीर्षक ठरलं: 'आपला अर्ज पुढे पाठवला आहे'.

रांगेतला_राम

हे तर माझ्याच वकिलाचं वाक्य आहे.

सरळमार्गी

जरूर लिहा. फक्त त्यात इंग्रजांना मोकळं सोडू नका. काँग्रेसने टिळकांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी नेमलं होतं, आणि त्यांना पॅरिसला जायचा पासपोर्ट नाकारला तो ब्रिटिश सरकारने, विल्सनने नव्हे. करवीरकर, बेळगावचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.