सूत कातणाऱ्या बायकांना तेव्हा मजुरी मिळायची का?

लालबागची सून:
आमच्या आजेसासूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. धागा तुटला की न बघता गाठ मारायच्या. ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही, गजऱ्याच्या दोऱ्यालाही तीच गाठ! परवा लेकीने वाचलं, 'प्राचीन काळी स्त्रिया सूत कातत.' लगेच प्रश्न, "आणि पगार?" मी गप्प. सांगा कुणीतरी.

पोथीवाला, गिरगाव:
कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं 'सूत्राध्यक्ष' (सूतखात्याचा प्रमुख) हे प्रकरण बघा. सरकारी खातंच आहे ते. विधवा, अपंग बायका, लग्न न झालेल्या मुली, दंड फेडणाऱ्या, म्हाताऱ्या राजदासी, सगळ्यांकडून लोकर नि कापूस कातून घ्यायचा. मजुरी सुताच्या पोतावर: बारीक, मध्यम, जाड. घराबाहेर न पडणाऱ्यांना दासीकरवी काम पोचवायचं. ज्या स्वतः सूतशाळेत येतील त्यांच्याशी देवघेव पहाटे, आणि दिवा सूत तपासण्यापुरताच! बाईच्या तोंडाकडे बघितलं किंवा भलतंच बोललं तर दंड. मजुरी लांबवली तर त्याहून मोठा दंड. पण मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईचा अंगठा-बोट तोडायचं, हेही तिथेच लिहिलंय. अर्थात हे नियम झाले. पाळले किती, हा भाग वेगळा.

डोंबिवली फास्ट:
इराककडचं सांगतो. इ.स.पू. १९०० च्या सुमारास असूर शहरातल्या बायका घरी कापड विणून गाढवांच्या तांड्याबरोबर आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशला पाठवायच्या. विकायला नवरे तिकडे. लमस्सी नावाच्या बाईने नवऱ्याला मातीच्या पाटीवर कळवलंय, की मुलगी मोठी झाली, गाडीसाठी जाड कापडं करावी लागली, म्हणून तुमचं कापड राहिलं, रागावू नका. चार हजार वर्षं झाली, पण सूर ओळखीचा वाटतो की नाही?

बोरिवलीकर:
लेकीला कान्हेरीच्या लेण्यांत न्या. मजुरीचं नाही, पण बायकांच्या दानाचं तिथे वाचायला मिळेल. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या बायकांची नावं आहेत, भिक्षुणींचीसुद्धा. (रविवारी नको, गर्दी फार.)

लालबागची सून:
सगळं वाचून दाखवलं. दिव्याचा नियम ऐकून लेक खूष, "असा नियम आमच्या लोकलमध्ये लावा." बोटांचं ऐकल्यावर मात्र उठली आणि पणजीचा फोटो काढून आणला. हात पदराखाली आहेत, दिसत नाहीत.
डोंबिवली फास्ट, लमस्सीची अजून पत्रं असतील तर टाका ना इथेच.