जास्वंदीवर आळ कशाला?
परागांमुळे शिंका येतात म्हणून दारची जास्वंद उपटून टाका, असा सल्ला कुणी दिला तर तो मला घाईचा वाटतो. जास्वंदीचे पराग वाऱ्यावर उडणारे नाहीतच, ते कीटक आणि पक्षी वाहून नेतात. फुलाच्या मधल्या दांड्यावरची पिवळी पूड बोटाला लावून बघा, झटकली तरी चिकटून राहते. एकेक कण 100 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा, वर काटेरी! गवताच्या परागाचा कण साधारण 20 ते 40 मायक्रॉनचा आणि हलका, त्यामुळे तो लांबवर उडतो आणि सहज नाकात शिरतो. आता फूल नाकाशी धरून हुंगलं तर त्रास होऊ शकतो, ती गोष्ट वेगळी.

फारच धास्ती असेल तर डबल पाकळ्यांची जास्वंद लावा, तिच्यात बरेचसे पुंकेसर (पराग तयार करणारे भाग) पाकळ्यांसारखे झालेले असतात. पण त्याआधी कुंपणाकडेला तुरे आलेलं गवत कापा की!